बटण दाबलं होतं

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, खुशाली, उत्तराची वाट बघतो, हे सगळं एकदमच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मोकळं बोलता येईल. मला नोकरी लागलीय आणि महिना होत आला तरी मी ती सोडलेली नाही. आधी घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच.

खोली ऑफिसच्याच माडीवर आहे. खाली एक पडदे शिवणारा बसतो. त्याचं मशीन सुरू झालं की माझा पलंग थरथरतो. परवा मी त्याला विचारलं, एवढे पडदे घेतं कोण, तर म्हणाला, "ज्यांच्याकडे लपवायला काही नसतं तेच घेतात." माणूस मजेशीर आहे. त्याच्यावर एक आख्खं पत्र होईल. तर काय सांगत होतो, नोकरी.

मागच्या गावात एका दाढीवाल्यासोबत खोली घेतली होती ना, त्याने मला कंप्युटरची एक भाषा शिकवली होती. फंक्शनल म्हणतात तिला. शाळेत काही डोक्यात शिरलं नाही, पण ही शिरली. तिच्यात सगळा खेळ याद्यांचा. आई आपल्याला ओळीने बसवून नखं कापायची, आठवतं? ती पोरांची ओळ म्हणजे यादी. नखं कापणं म्हणजे फंक्शन. एकदाच सांगायचं, या फंक्शनला त्या ओळीवरून फिरव, की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांची नखं साफ. मी मधूनच पळायचो. इथे पळता येत नाही.

आता माझी यादी कसली ते ऐक. धरणापासून तुमच्या वस्तीच्या खालच्या वळणापर्यंत नदीच्या काठाने चौदा भोंगे बसवलेत ना? ते माझे. म्हणजे खांब आणि तारा दुसऱ्यांच्या, पण पाणी सोडायच्या आधी गेटवाल्याने बटण दाबलं की कंप्युटरमधली जी ओळ चालते ती मी लिहिलेली. यादीतल्या प्रत्येकावर 'वाजव' फिरव. एवढंच. मालक खूश आहे. पुढच्या आठवड्यात चाचणी. कान उघडे ठेव.

भाऊजींना सांग, त्यांचा बिनकामाचा मेहुणा कामाला लागला.

तुझा
भिंगऱ्या


२१ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

आशीर्वाद. पाणी पिऊनच वाचलं.

काल दुपारी तुझे भोंगे वाजले. माझ्या सासूबाई, ज्यांच्या कानाशी भांडं आपटलं तरी "काय गं?" म्हणतात, त्या उठून दारात आल्या आणि म्हणाल्या, "मला कुणी हाक मारली का?" हे इतके हसले की ठसका लागला. नंतर चौकातल्या दुकानात जाऊन प्रत्येकाला सांगून आले की तो भोंगा माझ्या मेहुण्याचा. तुझ्याबद्दल ते काय काय बोलायचे ते तुला माहीतच आहे. काल सगळं मागे घेतलं.

आता कामाचं. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मधेच कुत्र्याशी बोलतोस. म्हणून लिहिते.

नदी यंदा पार आटलीय. कलिंगडाच्या वाफ्यांना पाणी पोचत नाही. हे म्हणतात, पाणी उपसायचं इंजिन मधल्या डोहापाशी न्यायचं. तिथून काठ गाठायचा तर वाळूतून पाय ओढत यावं लागतं, आणि वरून सोडलेलं पाणी डोळ्याला दिसलं म्हणजे उशीर झालेला असतो. आजवर गेटवाले आदल्या संध्याकाळी दुकानात निरोप ठेवायचे. आता भोंगे आले म्हणून निरोप बंद झाला. भोंगा वाजला की घटकाभराने पाणी, असं ठरलंय.

तर मला सरळ सांग, गंमत करू नकोस. भोंगा वाजल्याशिवाय पाणी येणार नाही ना? यांचा जीव त्या भोंग्यावर सोडायचा का?

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

सोड. बिनधास्त सोड.

चाचणी मी स्वतः समोर बसून केली. मी ओळ लिहिली, एंटर मारलं, आणि कंप्युटरच्या पडद्यावर एकेक उत्तर उमटत गेलं. पहिला, वाजला. दुसरा, वाजला. असे चौदाच्या चौदा. गेटवाल्यांच्या केबिनमध्ये आता एक खोकं बसवलंय. त्यावर बटण आणि हिरवा दिवा. बटण दाबलं की दिवा लागतो आणि हीच ओळ चालते. एका अक्षराचाही फरक नाही. भाऊजींना म्हणावं, इंजिन खुशाल डोहात न्या.

या भाषेची एक गंमत सांगायची राहिली. दाढीवाला तिला आळशी म्हणायचा. यादीवर एखादं काम फिरव म्हटलं की ती मान डोलावते आणि बसून राहते. कुणी उत्तर मागायला आलं की मग हात हलवते, मागितलं तेवढंच करते. फुकटची मेहनत नाही. मला तर पहिल्या दिवसापासून घरातलीच वाटली. तू पाणी आणायला सांगायचीस, मी "हो हो, आणतो" म्हणायचो आणि तू समोर येऊन उभी राहेपर्यंत जागचा हलायचो नाही. अगदी तशी.

पडदेवाल्याने एक पडदा उलटा शिवला आणि गिऱ्हाईकाला पटवून दिलं की आता अशीच पद्धत आहे. बाकी ठीक. मालक म्हणतो, पुढच्या वर्षी आणखी दोन नद्या मिळतील.

तुझा
भिंगऱ्या


६ एप्रिल

भिंगऱ्या,

तू आलास, खांदा दिलास आणि रात्रीच्या गाडीने परत गेलास. थांब म्हणण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. कसं झालं ते तू विचारलं नाहीस. मी सांगते, कारण घरात हा विषय काढला की सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजतात.

सकाळी हे भाकर बांधून घेऊन गेले. भोंगे लागल्यापासून पाणी सुटायची ती पहिलीच वेळ. शेजारच्या वाफ्यातली मावशी काठावर होती. तिला वरच्या वळणावर पाण्याची मातकट रेघ दिसली. ती जीव खाऊन ओरडली. पण इंजिन चालू होतं. इंजिनाशी वाकलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही. भोंगा आला असता. त्या दिवशी सासूबाईंना आला होता, त्यांना आला नसता? मावशी म्हणते, शेवटी त्यांनी मान वर केली ती तिच्याकडे बघायला नाही, पाय ओले झाले म्हणून.

खालच्या वळणावर झुडपात अडकले होते. ते तू पाहिलंसच.

आता गेटवाल्याचं. तो म्हणतो, मी बटण दाबलं होतं. भोंगा वाजला नाही हे त्याला कळलं कसं नाही, असं विचारलं तर म्हणतो, गेट उघडताना इतका धडधडाट असतो की कानाशी तोफ उडाली तरी कळणार नाही. त्याला घरी बसवलंय आणि चौकशी लागलीय. माझा जबाब घेतला. मी सांगितलं, ते भोंगे माझ्या भावाच्या हातचे आहेत, ते वाजतात, मी माझ्या कानांनी ऐकलेत. म्हणजे याने बटण दाबलं नाही. पेंगला असेल. सही केली.

त्या रात्री त्याच्या खिडक्या फुटल्या. दुकानदार त्याच्या बायकोला सामान देत नाही. परवा ती रिकामी पिशवी घेऊन माझ्या दारावरून गेली. मी मुद्दाम बाहेर उभी राहिले. मला बरं वाटलं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते.

ताई


१४ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. मी बरा आहे. जेवतो वेळेवर.

खोली बदलायचा विचार आहे. पडदेवाल्याच्या मशीनने झोप लागत नाही. तो तसा रात्री मशीन बंद ठेवतो, पण मला आवाज येत राहतो. समोरच्या गल्लीत एक पिंजरे विकणारा बसतो. त्याच्याकडे पक्षी एकही नाही, नुसते पिंजरे. मी विचारलं, तर म्हणाला, पक्षी ज्याचा त्याने आणायचा. मी तिथे बराच वेळ उभा होतो. मग पाऊल कुठे पडतंय ते बघत बघत बसस्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो.

तुझ्याकडे वाफ्यांचं काय केलं? इंजिन सापडलं का? सासूबाई जेवतात का?

त्या खोक्यावर एक हिरवा दिवा आहे. बटण दाबलं की लागतो. त्या सकाळी तो लागला होता का, हे गेटवाल्याला कुणी विचारलं का? असंच विचारतोय.

भिंगऱ्या


२० एप्रिल

भिंगऱ्या,

इंजिन सापडलं नाही. वाफ्यांवर वाळू चढलीय. सासूबाई चमचाभर खातात.

तुझ्या "असंच"ला मी लहानपणापासून ओळखते. तू असंच म्हणालास की घरात काहीतरी फुटलेलं असायचं.

विचारलं मी. स्वतः गेले त्याच्या दारात. मला बघून त्याची बायको आत पळाली. तो म्हणाला, "दिवा लागला होता, बाई. दिवा बघूनच मी गेटला हात घातला. दिवा लागल्याशिवाय मी गेट उघडतच नाही." मी त्याच्या तोंडावर खोटारडा म्हटलं. तो दाराला धरून उभा राहिला.

आता तू सांग. दिव्याचं काय आहे?

ताई


२५ एप्रिल

ताई,

तो खरं बोलतोय.

तुझ्याकडून परत आलो त्या रात्रीच मी बघितलं होतं. आधी वाटलं तार तुटली असेल, खांब पडला असेल. तसं काही नव्हतं. मी ओळ लिहून एंटर मारलं असतं तर भोंगे तेव्हाही वाजले असते. म्हणून मी बघत राहिलो, की मी मारतो तेव्हा वाजतात आणि तो दाबतो तेव्हा का नाही.

मी चाचणी केली तेव्हा माझ्यापुढे पडदा होता. पडद्याला उत्तर छापायचं होतं, म्हणून त्याने यादीकडे मागितलं, पहिल्याचं काय झालं. पहिला वाजला. दुसऱ्याचं काय झालं, दुसरा वाजला. पडदा मागत होता म्हणून भोंगे वाजत होते. केबिनमधल्या खोक्याला पडदा नाही. बटण दाबलं, दिवा लागला, ओळ चालली. यादीवर 'वाजव' फिरवायचं ठरलं. पण उत्तर कुणी मागितलंच नाही. म्हणून ती आळशी भाषा बसून राहिली. चूक झाली असंही कुठे उमटलं नाही, कारण तिच्या लेखी चूक झालीच नव्हती. कुणी मागितलं असतं तर तिने वाजवले असते.

एक शब्द वेगळा लिहायला हवा होता. कुणी उत्तर मागायची वाट न बघता प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता कर, असं सांगणारा शब्द त्या भाषेत आहे. मला तो माहीत होता. चाचणीत सगळं वाजलं म्हणून मी तिकडे बघितलं नाही.

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, चौकशी चालू असताना कशालाही हात लावायचा नाही, लावलास तर पुरावा बदलला म्हणतील. खोकं आहे तसंच आहे. मी खांदा द्यायला आलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, एवढं मात्र खरं मान.

भिंगऱ्या


३ मे

पत्र मी उभ्याने वाचलं. मग परत वाचलं.

मी तुला सरळ विचारलं होतं. तू "सोड" म्हणालास. मी यांना म्हटलं, तो सोड म्हणतोय. ते म्हणाले, मग नेतो.

एवढंच यावर. पुढे कधी बोलायचं तेव्हा बोलू. आता मला जमत नाही.

मी जबाब मागे घेतला. लेखी दिलं. कारकून म्हणाला, "बाई, गेटवाल्याने किती दिले?" दुकानातही तेच चालू आहे. काल गेटवाल्याकडे गेले. सामान घेऊन गेले होते, त्याच्या बायकोने ते आत नेलं नाही, उंबऱ्यावरच राहिलं. मी त्याला सांगितलं, तुम्ही खरं बोलत होता. तो म्हणाला, "मग हे तुमच्या भावाला सांगायला सांगा. तुमच्या सांगण्याने काय होतंय?"

बरोबर बोलला. सुनावणी तुझ्याच शहरात आहे, मोठ्या कार्यालयात. तू जा आणि सांग. मी तुझ्या वतीने सांगणार नाही. आणि गेलास की तिथे थांब. उत्तर मिळेपर्यंत थांब.

ताई


१६ मे

ताई,

गेलो. सांगितलं. थांबलो सुद्धा.

लांबलचक टेबल होतं, पलीकडे साहेबलोक. मी सगळं सांगितलं, पडदा, यादी, मागणं. एकाने सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, झालं. मग मालक उठला आणि म्हणाला, बोलण्यापेक्षा करूनच दाखवतो. त्याने त्याचा कंप्युटर उघडला, भिंतीवर मोठा पडदा लावला. मी म्हटलं, इथून नको, केबिनमधलं बटण दाबायला सांगा. साहेब म्हणाले, केबिनला सील आहे, आणि तिथे दाबलेलं आम्हाला इथे दिसणार कसं?

मालकाने माझीच ओळ लिहिली. एंटर मारलं. भिंतीवर उमटत गेलं. पहिला, वाजला. दुसरा, वाजला. चौदापर्यंत. मग साहेबांनी तुमच्याकडच्या तलाठ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. फोनमधून भोंगा ऐकू आला, ताई. तुझ्या दारातला.

मी म्हटलं, आपण बघतोय म्हणून वाजतोय. मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे आम्ही बघितलं की वाजतो आणि पाठ फिरवली की गप्प? वर्गातली पोरं असतात तसं?" सगळे हसले. मी हो म्हटलं. मग त्यांनी कागद चाळले आणि आवाज उतरवून विचारलं, "मयत तुमचे मेहुणे ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "अशा वेळी माणूस स्वतःला दोष देतो. घरी जा, आराम करा." आणि शेजारच्याला म्हणाले, लिहा, यंत्रणा चालू स्थितीत.

मालकाने संध्याकाळी कामावरून काढलं. कंप्युटर त्याचाच होता, फोनही कंपनीचा होता. दोन्ही घेतले. तो एक शब्द बदलायला आता माझ्यापाशी काही नाही. आता तर यंत्रणेला ठीक असल्याचा शिक्का बसलाय, तिला कुणी हात लावणार नाही.

इथे एक ट्रकवाला आहे, लांब समुद्राकडे जातो. चल म्हणतो. सध्या पडदेवाल्याच्या दुकानात झोपतो, पत्र त्याच पत्त्यावर टाक. लवकर टाकलंस तर मिळेल.

भिंगऱ्या


३० मे

भिंगऱ्या,

सुनावणीच्या दिवशी भोंगे वाजले तेव्हा मी भांडी घासत होते. नदीतली सगळी माणसं वाळूतून धापा टाकत वर आली. मागाहून तलाठी सांगत फिरला, चाचणी होती, भोंगे एकदम ठीक आहेत. लोक एकमेकांकडे बघून हसले. गेटवाल्याच्या घराकडे बघून थुंकले. मी त्यांना तुझं सगळं सांगत होते. वाफ्यातली मावशी म्हणाली, "अगं, आत्ता ऐकलास ना तुझ्या कानांनी? भावाला वेड लागलं, आता तू लावून घेऊ नकोस."

मागच्या शनिवारी पहाटे गेटवाला मागच्या दाराने आला. केबिनचं सील काढून त्याच्या जागेवर जो नवीन लावलाय त्याने त्याला सांगितलं होतं, आज दुपारी पाणी सोडणार. मी खाली गेले. शेवटची तोडणी होती, वाफे माणसांनी भरले होते. मी ओरडत गेले, वर चला, पाणी सुटतंय. "भोंगा कुठे वाजला?" "वाजणार नाही, तेच तर सांगते." "ही बघा, भोंग्याच्या वरची." कुणी हलेना. कलिंगडं एका दिवसात काढायची होती, त्यांचंही चूक नव्हतं.

मग मी मधल्या डोहाशी गेले, यांचं इंजिन होतं तिथे, आणि मांडी घालून बसले. म्हटलं, तुम्ही उठल्याशिवाय मी उठणार नाही. आधी हसले. मग मावशी आली, हात जोडले, मग शिव्या दिल्या. "एक गेला तो पुरे नाही का झाला, तुलाही आमच्याच डोळ्यांदेखत मरायचंय?" मी म्हटलं, हो. शेवटी चार जणांनी मला हातापायाला धरून उचललं. मी अंग सोडून दिलं होतं, जड व्हावं म्हणून. मला सोडलं की मी परत खाली पळत होते, म्हणून चौघांना काठावर धरून बसावं लागलं. बाकीचे तमाशा बघायला वर आले. मावशीचा दीर तेवढा आला नाही. तो म्हणाला, बायकांचं चालू द्या.

पाणी आलं. भोंगा वाजला नाही. दीर दोन दिवसांनी सापडला.

काठावर सगळे पाण्याकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता तरी कळलं. मग कुणीतरी म्हणालं, "आजही बटण दाबलं नाही बघ हरामखोराने." संध्याकाळी नवीन गेटवाल्याच्या खिडक्या फुटल्या. त्यालाही घरी बसवलंय. तोही म्हणतो, दिवा लागला होता.

आता पाणी कधी सुटणार ते मला सांगणारं वर कुणी उरलं नाही. तिसरा आलाय तो माझ्याशी बोलत नाही. म्हणून मी रोज सकाळी खाली जाते आणि पाण्यात पाय सोडून बसते. गार लागलं, चढलं, की ओरडायला सुरुवात करते. माझा आवाज मधल्या डोहापर्यंत जातो, त्याच्या पुढे नाही. खालच्या वळणावर लोकांनी नवीन वाफे धरलेत. तिथली माणसं मला ओळखतही नाहीत.

मी तुला माफ केलेलं नाही. ते डोक्यात ठेवून ये. ट्रकवाल्याला नाही म्हण आणि ये. मला एकटीला काठ पुरत नाही. खालच्या वळणापाशी तू बस.

ताई